बाबांचे पिवळे तळहात

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, आळस. आज लिहितोय ते मुख्यतः दादासाठी. तो ही पानं वाचतो, पण प्रतिक्रिया कधी देत नाही. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, कारण मला वाटतं ही गोष्ट आमच्या एकट्या घरातली नाही.

झालं असं की, गेल्या महिन्यात दादाशी व्हिडिओ कॉल चालू होता. तो न्यू जर्सीत, मी पुण्यात. मागे टेबलावर ती सात कप्प्यांची डबी दिसली, सोमवार ते रविवार गोळ्या भरून ठेवायची. वहिनी सांगत होती, ही बीपीची, ही कोलेस्टेरॉलची, "आणि ही व्हिटॅमिन ई, चारशेची. अँटिऑक्सिडंट म्हणून. हे कधीपासून घेतायत!" चारशे म्हटल्यावर मी गप्प झालो. मग म्हटलं, दादा, ती कशाला घेतोस? तर म्हणाला, "तू परत ते बाबांचं सुरू करू नकोस." आणि विषय क्रिकेटवर गेला.

तर बाबांचं काय ते आधी सांगतो.

आमचे बाबा धारणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. नोकरीची बहुतेक सगळी वर्षं मेळघाटातच गेली. 1998 साली निवृत्त झाले, तरी अमरावतीला घर बांधायचं सोडून धारणीतच राहिले. ज्यांनी धारणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर अमरावतीहून परतवाडा, मग घाट चढून सेमाडोह, हरिसाल आणि मग धारणी. दीडशेच्या आसपास किलोमीटर, पण एसटीने जाताना अर्धा दिवस मोडतो. पुढे रस्ता मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरकडे उतरतो. आजूबाजूला सगळी कोरकूंची गावं आणि सागाचं जंगल. बाबांना दोन सवयी होत्या. पहाटे पायी फिरणं आणि बिडी. दिवसाला एक बंडल, कधी दीड. उन्हाळ्यात आमच्याच जंगलात तेंदूपत्ता तोडायची लगबग असते. पानांचे पुडे बांधून फडावर मोजून देतात आणि ट्रक भरून जातात. बाबा गमतीने म्हणायचे, "पानं आपल्याच गावातून जातात आणि बिडी होऊन आपल्याच खिशात येतात."

2002 च्या डिसेंबरात दादा आला तेव्हा त्याने बाबांसाठी एक भलीमोठी बाटली आणली. बीटा कॅरोटीन, 25,000 युनिट, अडीचशे कॅप्सूल. त्याचा हेतू चांगलाच होता. बाबा बिडी सोडत नाहीत, निदान फुप्फुसाला काहीतरी संरक्षण तरी मिळेल, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. तेव्हा सगळीकडे तेच होतं, मासिकांत, टीव्हीवर, दुकानांच्या शेल्फांवर. बाबांनी पहिल्यांदा कुरकुर केली. मग घ्यायला लागले. आणि गुरुजी माणूस, हिशेबी. दादा पुढच्या वर्षी परत येणार, तोवर औषध "एक्स्पायर" होऊ नये म्हणून रोज एकाच्या जागी दोन सुरू केल्या. आईने टोकलं तर म्हणाले, "अवो, पोरानं एवढ्या दुरून आणलं, ते काय फेकून देऊ?"

मार्चमध्ये शेजारच्या काकूंनी पाहिलं. "गुर्जी, तुमचे हात पिवये पडले हो!" खरंच पडले होते. तळहात, तळपाय, नाकाच्या बाजूची कातडी, सगळं हळद लावल्यासारखं. घरात एकच शब्द, कावीळ. कावीळ उतरवणारा एक माणूस होता, त्याने चुन्याच्या पाण्यात हात धुवून दाखवले. पाणी पिवळं झालं, हात होते तसेच राहिले. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. पंधरा दिवसांनी मी पुण्याहून गेलो आणि त्यांना अमरावतीला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाबांची पापणी खाली ओढली, डोळे पाहिले आणि हसले. डोळे स्वच्छ पांढरे. काविळीत आधी डोळे पिवळे होतात. डॉक्टरांनी विचारलं, "गुरुजी, गाजरं फार खाता का?" बाबा म्हणाले, नाही हो. मग मी पिशवीतून ती बाटली काढली.

डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि त्यांचं हसू गेलं. पिवळेपणाबद्दल ते म्हणाले, काही नाही, तो रंग आहे, गोळी बंद केली की दोन-तीन महिन्यांत उतरेल. मग त्यांनी विचारलं, "बिडी किती?" आणि त्यानंतर जे सांगितलं ते ऐकून मी, म्हणजे बी.एस्सी. झालेला, पुण्यात नोकरी करणारा, पेपर वाचणारा मी, खुर्चीत खाली सरकलो. बिडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसांना हीच गोळी देऊन पाहिली होती, दोनदा, हजारो लोकांवर. दोन्ही वेळा फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. आणि हे छापून येऊन तेव्हा सात ते नऊ वर्षं झाली होती.

निघताना ते आणखी एक वाक्य बोलले. "तुम्ही धारणीचे ना? मग तिथली पोरं आणि ही बाटली, हा एकाच प्रश्नाचा दोन्हीकडचा शेवट आहे." ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही. नंतर बरीच वर्षं अधूनमधून वाचत गेलो तेव्हा थोडं थोडं कळलं.

अँटिऑक्सिडंट हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला किंवा दवाखान्यातला नाहीच, तो कारखान्यातला आहे. रबर ठिसूळ होऊ नये, तेल खवट होऊ नये म्हणून त्यात काय मिसळावं, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनतज्ज्ञ काम करत होते. चार्ल्स मूरू आणि चार्ल्स द्युफ्रेस या दोन फ्रेंच माणसांनी 1922 च्या सुमारास दाखवलं की काही पदार्थ अगदी चिमूटभर असले तरी हवेतल्या ऑक्सिजनचा मारा थोपवतात. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला हे समजायला सोपं आहे. आजीच्या घरात जवसाचं तेल असायचं. ताजं असताना छान, पण झाकण उघडं राहिलं की काही दिवसांत वास मारायचं. तेच तेल सुतार दाराला लावायचा तेव्हा सुकून कडक थर व्हायचा. दोन्ही एकच गोष्ट, तेलाने हवेतला ऑक्सिजन घेतला. चिरलेलं वांगं काळं पडतं, लोखंड गंजतं, तेही त्याच कुळातलं.

वांग्यावरून आठवलं. हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांचं कुतूहल असंच होतं. काही फळं कापली की तपकिरी होतात, लिंबा-संत्र्याच्या जातीची होत नाहीत, असं का? त्या शोधातून आणि पुढे त्यांच्या सेगेद गावच्या लाल ढोबळ्या मिरचीतून त्यांनी जो पदार्थ मुबलक काढला तो क जीवनसत्त्व निघाला. 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. इथवर सगळं ठीक होतं. क जीवनसत्त्व नसेल तर स्कर्व्ही होतो, दिलं की बरा होतो. उणीव आहे, ती भरून काढा. यात वाद नाही.

खरी उडी नंतर मारली गेली. 1956 मध्ये अमेरिकेत डेनम हार्मन यांनी मांडलं की म्हातारपण म्हणजे एक प्रकारचं गंजणंच आहे. शरीर श्वास घेतं, अन्न जाळतं, त्यात काही अर्धवट, भुकेले रेणू तयार होतात, फ्री रॅडिकल म्हणतात ते, आणि ते पेशी कुरतडत राहतात. 1969 मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की या रेणूंना आवरणारं एक एन्झाइम शरीर स्वतःच बनवतं. मला विचाराल तर इथेच लोकांनी थांबून विचार करायला हवा होता. शरीराकडे स्वतःचा पहारेकरी आहे, तर बाहेरून किती शिपाई पाठवायचे? पण 1970 मध्ये लायनस पॉलिंग यांचं सर्दी आणि क जीवनसत्त्वावरचं पुस्तक आलं. दोन नोबेल मिळालेला माणूस ग्रॅमच्या हिशेबात गोळ्या घ्या म्हणतोय म्हटल्यावर लोक दुकानात धावले.

त्यापुढचा टप्पा थोडा शहाणपणाचा होता. भाजी-फळं जास्त खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो असं बऱ्याच पाहण्यांत दिसत होतं. 1981 मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला, त्याचं शीर्षकच प्रश्न होतं. आहारातलं बीटा कॅरोटीन माणसातला कर्करोग खरंच कमी करू शकेल का? हे डॉल म्हणजे तंबाखू आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातं दाखवून देणाऱ्यांपैकी एक. त्यांचं म्हणणं होतं की अंदाज करत बसू नका, प्रयोग करून पाहा. दुकानदारांनी प्रश्नचिन्ह पुसलं आणि बाटल्या विकल्या. संशोधकांनी मात्र प्रयोग केले. ते दोन प्रयोग जरा सविस्तर सांगतो, कारण दादाला आकडे लागतात.

पहिला फिनलंडमध्ये. पन्नास ते एकोणसत्तर वर्षांचे 29,133 पुरुष, सगळे सिगरेट ओढणारे. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना 50 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी. पाच ते आठ वर्षं. 1994 मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आणि एकूण मृत्यू 8 टक्के जास्त. अनेकांना वाटलं, योगायोग असेल. तेव्हा अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, सिगरेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा 18,314 लोकांवर. त्यांना रोज 30 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व. तो 1996 च्या जानेवारीत, ठरलेल्या मुदतीच्या एकवीस महिने आधीच थांबवावा लागला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्के आणि मृत्यू 17 टक्के जास्त होते.

आता बाबांचा हिशेब. 25,000 युनिट म्हणजे 15 मिलिग्रॅम. दोन गोळ्या म्हणजे 30. म्हणजे धारणीच्या ओट्यावर बसून, हातात बिडी घेऊन, आमचे बाबा नेमका अमेरिकेतल्या त्या बंद पडलेल्या प्रयोगाचा डोस घेत होते. तीन महिने.

मग गाजर वाईट का? अजिबात नाही. शंभर ग्रॅम नारिंगी गाजरात साधारण 5 ते 8 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं, पण ते गाजराच्या गरात अडकलेलं असतं आणि त्यातलं थोडंच आतड्यातून आत जातं. कॅप्सूलमधलं तेलात विरघळवलेलं, तयार. शिवाय गाजरात इतर शेकडो पदार्थ एकमेकांना सांभाळत असतात. एकट्या बीटा कॅरोटीनची रक्तातली पातळी गोळीने कित्येक पट वर जाते. फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर, त्यात धूर. अशा ठिकाणी बीटा कॅरोटीन स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे उलटं काम करायला लागतात. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर 1999 मध्ये हे करून पाहिलं गेलं. मोठा डोस आणि सिगरेटचा धूर एकत्र दिल्यावर फुप्फुसात कर्करोगाआधीचे बदल दिसले. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. हे फ्री रॅडिकल नुसते गुंड नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या त्यांच्याच जोरावर. सगळे शेकोटे विझवले तर घरात अंधार आणि थंडी दोन्ही.

पण एक प्रयोग याच्या उलट निघाला, आणि तिथे मला डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य आठवलं. चीनच्या हेनान प्रांतात लिनशियान नावाचा गरीब भाग आहे. तिथल्या लोकांच्या रक्तात बरीच जीवनसत्त्वं मुळातच कमी होती आणि अन्ननलिकेचा कर्करोग फार. तिथे 29,584 लोकांवर प्रयोग झाला. बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र, पण माफक प्रमाणात. 1993 मध्ये निकाल आला की त्या गटात एकूण मृत्यू 9 टक्के कमी झाले. तोच पदार्थ. फिनलंडच्या पोटभर जेवणाऱ्या माणसाला घातक आणि लिनशियानच्या अर्धपोटी माणसाला उपकारक. खड्डा असेल तिथे मुरूम टाकला तर रस्ता होतो, सपाट रस्त्यावर टाकला तर गाडी उलटते.

1993 हे साल धारणीत कोणी विसरत नाही. त्या वर्षी मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गेल्या, शीला बरसे उच्च न्यायालयात गेल्या, मंत्र्यांच्या गाड्यांची धूळ उडाली. आमच्या घरी मुंबई-पुण्याची माणसं चहाला यायची, कारण बाबांना कोरकू बोलता यायचं. त्यातल्या एकाने बाबांना विचारलेला प्रश्न मला आठवतो. "गुरुजी, जंगलात एवढे आवळे, जांभळं, बोरं आहेत. सगळी जीवनसत्त्वं आहेत. मग ही मुलं कुपोषित कशी?" बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही आठ दिवस नुसते आवये खाऊन पाहा."

उत्तर चिडून दिलेलं होतं, पण बरोबर होतं. आवळ्यात क जीवनसत्त्व वारेमाप आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकात शंभर ग्रॅमला 600 मिलिग्रॅम लिहिलं होतं, 2017 च्या नव्या तक्त्यात ते 250 च्या घरात आलं, तरी पुष्कळच. पण उष्मांक? अगदी किरकोळ. दीड-दोन वर्षांच्या पोराला दिवसाला हजारभर उष्मांक लागतात, तेल लागतं, डाळ लागते. रानभाज्या पावसाळ्यात उगवतात, तरोटा, कुरडू, घोळ, पण नेमका तोच काळ घरातलं धान्य संपण्याचा, आई शेतावर राबण्याचा, आणि हगवण, न्यूमोनिया, मलेरियाचा. मोहफुलं उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली असतात, त्यातली बरीच बाजारात गेलेली असतात. कोदो-कुटकीच्या जागी माझ्या डोळ्यांदेखत सोयाबीन आलं, जे विकायचं पीक आहे, पोराच्या ताटात येत नाही. बरीच मुलं तर जन्मतःच कमी वजनाची, कारण आईच्याच अंगावर काही नाही.

आणि तरीही इथेसुद्धा अँटिऑक्सिडंटची कथा येऊन पोचलीच. कुपोषणाची दोन रूपं असतात. एकात पोर सुकून हाडांचा सापळा होतं. दुसऱ्यात पाय, चेहरा सुजतो, केस भुरे होतात, पोर चिडचिडं आणि मलूल होतं. या सुजेच्या आजाराला क्वाशिओरकोर हे नाव सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी 1935 मध्ये दिलं. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, गा भाषेतला शब्द आहे तो. अर्थ साधारण असा की पाठचं भावंड आलं की आधीच्या लेकराला होणारा आजार. बाबा म्हणायचे, हे आमच्या शाळेतल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हे प्रथिनांच्या कमतरतेने होतं. पण आपल्या सी. गोपालन यांनी 1968 मध्ये दाखवून दिलं की सुकलेली आणि सुजलेली, दोन्ही मुलं एकाच प्रकारच्या जेवणातून येतात. मग एक सुकतं आणि दुसरं सुजतं का? 1987 मध्ये जमैकात काम करणाऱ्या मायकेल गोल्डन यांनी उत्तर सुचवलं, फ्री रॅडिकल. सुजलेल्या मुलांच्या रक्तात अँटिऑक्सिडंट खरंच फार कमी असतात. कल्पना इतकी चपखल होती की वाटलं, सापडलं! मग आफ्रिकेतल्या मलावीत प्रयोग झाला. एक ते चार वर्षांच्या 2,372 मुलांना वीस आठवडे, अर्ध्यांना रिबोफ्लेविन, ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि एन-ॲसिटिल सिस्टीन, अर्ध्यांना खोटी पूड. 2005 मध्ये निकाल आला. औषध घेतलेल्यांत 39 मुलांना सूज आली, न घेतलेल्यांत 23.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा बाबांना फोन केला होता. त्यांनी दोनदा विचारलं, "उलटं तर नाही वाचलंस?" नव्हतं वाचलं. रक्तात एखादी गोष्ट कमी दिसली म्हणजे ती कारणच असते असं नाही, आजाराचा परिणामही असू शकते.

पण गोल्डन यांचा विचार वाया गेला नाही, हेही सांगायला हवं. अतिकुपोषित मुलाला दवाखान्यात आणल्यावर पहिले काही दिवस लोह द्यायचं नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 1999 पासूनचा नियम आहे. पोर पांढरंफटक दिसतं, आपल्याला वाटतं आधी रक्त वाढवा. पण त्या अवस्थेत मोकळं लोह फ्री रॅडिकल वाढवतं आणि जंतूंनाही पोसतं. आधी थोडं थोडं खास दूध, मोजून पोटॅशियम, मॅग्नेशियम, झिंक, जंतुसंसर्गावर औषध, आणि पोराला भूक लागून वजन वाढायला लागलं की मग लोह. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव 1998 पासून काम करतायत, बैरागडला डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं (2019 ची पद्मश्री त्यांना मिळाली तेव्हा धारणीकर फार खूश होते). या माणसांच्या कामात चमत्काराची गोळी कुठेच नाही, सगळं मोजमापाचं आणि वेळेवर पोचण्याचं काम आहे. अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोससुद्धा तसाच. हा कार्यक्रम 1970 पासूनचा आहे. तान्ह्याला नवव्या महिन्यात एक लाख युनिट, नंतर पाच वर्षांचं होईपर्यंत दर वेळी दोन लाख. चमचा भरून देतात, त्यावर खूण असते, वहीत नोंद होते. कारण अ जीवनसत्त्व अंगात साठतं. बाई विसरून दोनदा पाजत नाहीत. आमच्या घरात मात्र निवृत्त मुख्याध्यापक बिनखुणेच्या हिशेबाने दोन-दोन गिळत होते.

मग नेमकं किती घ्यायचं? सुधाताईने मागे विचारलं होतं, म्हणून सांगतो. 2020 च्या भारतीय शिफारशीत मोठ्या पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि बाईला 65. एखादा मध्यम पेरू किंवा दोन आवळे झाले की काम झालं. वरची मर्यादा 2,000 मिलिग्रॅम, पण तिथवर जायचं कारणच काय. अ जीवनसत्त्वाची वरची मर्यादा 3,000 मायक्रोग्रॅम. ही तयार अ जीवनसत्त्वाची, गाजर-पालकातून शरीर स्वतः बनवतं त्याची नाही, तिथे शरीर गरजेपुरतंच बनवतं. बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या निरोगी माणसाने स्वतःहून घेऊ नयेत. डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारात डॉक्टर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देतात आणि त्याचा उपयोगही होतो. पण तिथेही 2013 नंतर बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन आणि झियाझँथिन वापरतात, बिडी-सिगरेटवाल्यांचा धोका टाळण्यासाठी. ज्याला डॉक्टरने दिलं आहे त्याने माझं वाचून बंद करू नये, त्यांनाच विचारावं. बाकी आपल्या ताटात अंबाडी, शेवग्याचा पाला, टोमॅटो, हळद, जवसाची चटणी, शेंगदाणे असतील तर फार हिशेब लागत नाही.

आता दादा, तुझ्या चारशेकडे येतो.

2001 मध्ये तुझ्याच देशात एक प्रयोग सुरू झाला, 35,533 पुरुषांवर. जवळजवळ सगळे पंचावन्नच्या पुढचे, निरोगी. रोज 400 युनिट ई जीवनसत्त्व, किंवा सेलेनियम, किंवा दोन्ही, किंवा खोटी गोळी. प्रोस्टेटचा कर्करोग कमी होतो का ते पाहायचं होतं, कारण फिनलंडच्या त्या जुन्या प्रयोगात ई घेणाऱ्यांत तो कमी दिसला होता. 2008 मध्ये उपयोग दिसेना म्हणून गोळ्या थांबवल्या. लोकांवर लक्ष मात्र ठेवलं. 2011 मध्ये कळलं की नुसतं ई घेतलेल्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के जास्त निघाला. तुझं वय चौसष्ट. बाबांच्या वेळी आपल्याला माहीत नव्हतं, दोघांनाही. तू काही मुद्दाम केलं नव्हतंस आणि मी तुला त्यासाठी कधी दोष दिला नाही. खरं तर एकदा दिला होता, 2003 मध्ये, एसटी स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून. ते चुकलंच माझं.

बाबांचे हात जूनपर्यंत साफ झाले. बिडी मात्र 2007 पर्यंत सुटली नाही, आणि ती सुटली ती माझ्या आकड्यांनी नाही, नातीने "आजोबा, वास येतो" म्हणून मांडीवर बसायचं बंद केलं तेव्हा. 2014 मध्ये ते गेले, हृदयाने. फुप्फुसं शेवटपर्यंत, डॉक्टरांच्या शब्दांत, "वयाच्या मानाने बरी" होती. त्या तीन महिन्यांनी काही केलं की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. शंभरातल्या किती जणांचं काय होतं ते प्रयोगातून कळतं, एका माणसाचं कळत नाही.

ती बाटली आईकडे धारणीला अजून आहे. झाकण घट्ट बसतं म्हणून तिच्यात ती गोडंबी ठेवते.

वरचं सगळं लिहून झाल्यावर परवा मी दादाला आधी पाठवलं, म्हटलं तुझ्याबद्दल आहे, नको म्हणालास तर टाकणार नाही. त्याचं उत्तर नाही आलं. रात्री वहिनीचा मेसेज आला, "यांनी वाचलं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट बुधवारची आहे. गोळीचा कप्पा आज रिकामा ठेवलाय." तेव्हा टाकतोय.